पहिल्या घाण्याचा खर्च

व्हॉस, ६ ऑक्टोबर १९८६

मोन्स,

आशीर्वाद लिहीत नाही. दर नाताळला तुमचं कार्ड येतं, त्यावर तुझं नावही सूनबाईच्याच अक्षरात असतं, तेव्हा तुला ते नको असावेत. पण पत्र फाडू नकोस. तुझ्या मुलीबद्दल आहे.

सिन्नेवा माझ्याकडे आहे. बेर्गनच्या बँकेतली नोकरी तिने सोडली. तुला रजा म्हणून सांगितलं असेल. रजेवर आलेलं माणूस शिवणयंत्र आणि हिवाळी बूट घेऊन येतं का? गेल्या महिन्याच्या शेवटी बसमधून उतरली, सामान फाटकाशी टाकलं आणि म्हणाली, "आजी, मला वरची खोली दे. भाडं देईन."

मी म्हणाले, "भाडं नको, शेण काढ."

"गाय कुठेय?"

"विकली."

"मग शेण कुठलं काढू?"

"म्हणूनच खोली फुकट."

सकाळी डेअरीत बाटल्या धुवायचं काम तिने दोन दिवसांत मिळवलं. आणि दुपारनंतर तिला बिअर करायची आहे. दुकानातून आणायची नाही. करायची. आपल्या चुलघरात, तांब्याच्या हंड्यात, ज्युनिपरच्या फांद्या उकळलेल्या पाण्यात, तुझा बाप आन्फिन करायचा तशी. मी विचारलं, बँकेत कुणी मारलं का तुला? तर म्हणे, "आठ तास दुसऱ्यांचे पैसे मोजायचे आणि संध्याकाळी कुणी विचारलं आज काय केलंस, तर दाखवायला काही नाही." बावीस वर्षांची आहे. मी बावीसची असताना माझ्याकडे तू होतास आणि सहा शेळ्या. दाखवायला पुष्कळ होतं, बघायला कुणी येत नव्हतं.

मी तिला घाबरवून परत पाठवायचं ठरवलं. सुरुवात करायलाच काय काय लागतं ते एका दमात सांगितलं. हंडा लागतो, आपला मी विकला, कोणत्या वर्षी ते आता आठवत नाही. लाकडी पिंपं आहेत, पण अकरा वर्षं कोरडी पडून त्यांच्या फळ्यांतून उजेड दिसतो. मोड आणून भाजलेले जव लागतात, पोतंभर. तीन दिवस जळेल इतकं लाकूड. हॉप्सची कडू फुलं. पाठ लागते, ती तुझ्याकडे आहे, मान्य. आणि रस फसफसवायला विरजण लागतं, ते नाही. विरजण ज्याच्या खाचांत वाळवून ठेवतात ते लाकडी कडं खुंटीला आहे, पण मेलेलं. तुझ्या आजोबांच्या मयताच्या बिअरच्या वेळी तुझ्या बापाने ते मारलं, असंही मी तिला सांगितलं.

तिने सगळं पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच?"

एवढंच! मोन्स, मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

फोन करून तिच्यावर ओरडू नकोस. मी शाळेत दिवसाआड गेले, त्यातलेही अर्धे दिवस मेंढरांमागे. अक्षर लागत नसेल तर सूनबाईकडून वाचून घे.

गुरो, तुझी आई


१९ ऑक्टोबर

मोन्स,

ओरडू नकोस लिहिलं तर तू नेमका फोन करून ओरडलास. पाऊण तास. मी शेजारीच होते. पोरीने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला आणि दुसऱ्या हाताने अंडी उकडली. शेवटी म्हणाली, "बाबा, अंडी झाली," आणि ठेवला. माझी चौकशी केली नाहीस. बरं केलंस. मी बरी आहे.

हंडा आला. तुला हे तिने सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. गेल्या रविवारी खालच्या घरातल्या ओलीनाच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. सगळ्याजणी ठेवणीतला पोशाख घालून चर्चमध्ये, आणि आपली सिन्नेवा गळ्याशी साधी सेफ्टीपिन लावून. ओलीनाचे डोळे तुला माहीत आहेत, दुसऱ्याच्या अंगावर काय आहे त्यापेक्षा काय नाही ते तिला आधी दिसतं. सगळ्यांसमोर म्हणाली, "चांदीची पिन कुठे गं तुझी? ती चकत्या लटकणारी?"

"हंड्यात," सिन्नेवा म्हणाली.

"पडली?"

"नाही. वितळली म्हणा."

विकली, मोन्स. माझ्या आईची पिन. चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या विधीला मी स्वतःच्या हाताने तिच्या गळ्याशी लावलेली. बेर्गनच्या सोनाराला विकली, वर बँकेचा शेवटचा पगार घातला आणि जुन्या वस्तूंच्या दुकानातून दीडशे लिटरचा हंडा उचलला. दुकानदाराने त्यात वाळकी फुलं खोचून ठेवली होती. घरी येऊन मी तिला धरलं. म्हणाले, "ती माझ्या आईची होती."

"माहीत आहे, आजी. म्हणून तर तिचे सगळ्यात जास्त आले."

तुझा बाप गेल्यापासून या घरात कुणी मला इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं. मी रात्रभर जागी होते असं काही समजू नकोस, मी झोपले. पण सकाळी उठून पहिला तो हंडा बघितला. जाड आहे. कानांचे रिबिट पक्के. ठोकल्यावर आवाज लांबपर्यंत जातो. पोरगी फसलेली नाही.

तो आगगाडीने आणला तिने, सामानाच्या डब्यातून. कंडक्टर म्हणाला, "बाई, याचं अर्धं तिकीट घ्यावं लागेल." त्यावर ही म्हणाली, "बुडाला अठराशे बेचाळीस कोरलंय, पोर नाही ते, पूर्ण घ्या." त्याने काहीच घेतलं नाही. स्टेशनवरून वर आणायला येर्मुनचा ट्रॅक्टर. येर्मुन आता म्हातारा झालाय. तुझ्या बापाचा एवढाच एक दोस्त उरला आहे, आणि त्यालाही गुडघे नाहीत.

पिंपं तळ्यात टाकली आहेत, फळ्या फुगायला. रोज डेअरीतून आली की कमरेइतक्या पाण्यात उतरून ती फिरवते. ऑक्टोबरच्या पाण्यात. येर्मुन काठावरून ओरडतो, "पोरी, पिंपं फुगायच्या आधी तू फुगशील!" ती पाण्यातूनच म्हणते, "मग मला गळती नाही लागणार, काका!" ओठ निळे, दात वाजतायत, आणि उत्तर तयार.

मी लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत. तिच्यासाठी नाही. सुया रिकाम्या होत्या.

गुरो


९ नोव्हेंबर

मोन्स,

पहिला घाणा वाया गेला. आनंद झाला असेल तर होऊ दे, पण पूर्ण वाच.

त्याआधी एक गोष्ट. सेंट थॉमसच्या दिवशी गडीमाणसं नाताळची बिअर चाखत घरोघर फिरतात तेव्हा अकरा वर्षं आपल्या फाटकाशी येऊन टोप्या काढतात आणि पुढे जातात. मयताच्या घराला करतात तसं. दुकानात ओलीना मुद्दाम म्हणाली, "मग यंदा थॉमसला तुमच्याकडे काय, कॉफी का?" सिन्नेवाने पिठाची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "यंदा आत या. घरचीच असेल. नसली तर पुढच्या वर्षी टोपीसुद्धा काढू नका." सात माणसं ऐकत होती. आता एकवीस डिसेंबरला फाटक उघडायचं किंवा तोंड लपवायचं, तिसरं काही तिने शिल्लक ठेवलेलं नाही.

तर पहिला घाणा. ज्युनिपर तिने एकटीने तोडलं, हात मांजराने ओरबाडल्यासारखे. जवाचं पोतं म्हणजे डेअरीचा अर्ध्या महिन्याचा पगार. लाकूड येर्मुनकडून उसनं, त्या बदल्यात हिवाळ्यात त्याच्या छपरावरचं बर्फ झाडून देणार. पहाटे चारला चूल पेटवली. गाळताना पिंपाच्या तळाशी फांद्या कशा अंथरायच्या ते मी एकदाच दाखवलं, तिने एकदाच बघितलं. मग चार तास उकळी, रस तांबूस होईपर्यंत. मधे एकदा उतू गेला, डाव्या मनगटावर आला. तिने "अरे देवा" म्हटलं, बर्फात हात खुपसला आणि उजव्या हाताने ढवळत राहिली. मी तिथे बाकावर बसले होते, मोन्स. मी आयुष्यात पुष्कळ बायका काम करताना पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच मी स्वतः कामाला लावल्या. अशी पाहिली नाही.

विरजण मात्र दुकानाचं, पुडीतलं. पुडीवर लिहिलेलं तिने मला दोनदा वाचून दाखवलं: वीस अंशाला घाला. मी म्हणाले, "पुडी गेली चुलीत. या घरात रक्ताच्या उबेला घालतात. कोपर बुडव, ना गार ना गरम लागलं की घाल." तिने माझ्याकडे बघितलं, मग कोपर बुडवलं, आणि घातलं.

आपलं विरजण त्या उबेलाच उठायचं. दुकानाचं उठतं, पण पिसाळतं. दोन दिवसांनी झाकण काढलं तर नखांचा रंग काढायच्या औषधाचा वास. शंभर लिटर. येर्मुनला बोलावलं. त्याने घोट घेतला, थुंकला नाही, गिळला. भला माणूस आहे. म्हणाला, "किती उबेला घातलंस गं?"

मी चुलीपाशीच उभी होते.

सिन्नेवा म्हणाली, "माझंच चुकलं काका. वीस लिहिलं होतं, मी नीट वाचलं नाही."

तिने माझं नाव घेतलं नाही. घेणार आहे का म्हणून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी गप्प बसले. ते मला जमतं.

मग शंभर लिटर तिने बादली-बादलीने उतारावर ओतलं. उरलेला जवाचा चोथा ओलीनाच्या डुकरिणीला नेऊन दिला, म्हणजे तेवढा तरी कुणाच्या पोटात जाईल. संध्याकाळी हंडा घासताना ती रडली असावी. पाठमोरी होती. मी विचारलं नाही. मी तिला सुकं मटण वाढलं, सणाला ठेवलेलं.

गुरो


२३ नोव्हेंबर

मोन्स,

एक छोटं काम आहे.

येर्मुनकडे आम्ही दोघी विरजण मागायला गेलो होतो. तो म्हणाला, "वहिनी, असतं तर आन्फिनच्या नातीला दिलं नसतं का? माझं मूळ तुमच्याचकडचं, बावन्न साली आन्फिनने दिलेलं. पण गेल्या उन्हाळ्यात आंबलं ते, टाकून दिलं. आता मीही पुडीचं घालतो आणि बायकोला सांगत नाही." मग डोकं खाजवून म्हणाला, "पण मोन्सकडे असेल की. तो स्टावांगरला जायला निघाला तेव्हा आन्फिनने त्याला कॉफीच्या डब्यात वाळवलेल्या विरजणाचे पापुद्रे घालून दिले होते. मी होतो तिथे."

सिन्नेवा एकदम उभी राहिली, आणि मग बसली. घरी येताना म्हणाली, "बाबांकडे मी नाही मागणार. मागितलं तर म्हणतील परत ये, मग देतो." मी म्हणाले, तुझ्या बापाला मी ओळखते, तो असा सौदा करणार नाही. ती म्हणाली, "मग तू माग."

तर मागते. तुझ्याकडे ते वाळलेले पापुद्रे असतील तर चमचाभर पाकिटात घालून पाठव. टपालाला दोन दिवस लागतात. कडं आता आहे तसं आहे, त्याच्यावरून झालं ते झालं, त्यात पोरीचा काही दोष नाही. तिच्याकडे बघून पाठव. दुसरं पोतं तिने आणलं आहे. ते कसं आणलं हे मी तुला लिहिणार नाही, कारण तिची सायकल आता दिसत नाही एवढंच मला माहीत आहे.

गुरो


४ डिसेंबर

मोन्स,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "आधी सांग, कडं मी मारलं का?"

एवढ्यासाठी तू तिकीट लावलंस. एक्कावन्न वर्षांचा माणूस, आणि मुलीला चमचाभर विरजण द्यायचं तर आईशी घासाघीस. तुझ्या बापाने आयुष्यात कुणाला विरजणासाठी नाही म्हटलं नाही. भांडण असलेल्या घरालाही द्यायचा, फाटकावर डबी ठेवून यायचा, बोलायचा नाही पण द्यायचा.

इथे खूप बर्फ आहे. पाइप गोठला होता. पिंपं आता थेंबही सोडत नाहीत. सिन्नेवाने येर्मुनचं छप्पर झाडून दिलं.

तू विचारलेल्याचं उत्तर सगळ्या गावाला माहीत आहे. मी पुन्हा कशाला लिहू?

गुरो


८ डिसेंबर

मोन्स,

ते पत्र मी टाकलं आणि पोस्टाच्या पायरीवरच मला कळलं की मी परत तेच केलं. काल आणि परवा काही लिहिलं नाही. आज लिहिते. मधे थांबले तर पुढे लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत.

तुझा बाप गेला त्या आठवड्यात मी घर धुवायला काढलं. तुझ्या बायकोची माणसं शहरातून येणार होती. मला वाटलं, ती बोटं फिरवून धूळ बघतील. मी मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून पाणी उकळत ठेवलं आणि लाकडाचं जे जे हाताला लागलं ते त्यात टाकलं. पळ्या, पाट्या, लोण्याचे साचे. कडंही टाकलं. तपकिरी, खपल्या धरलेलं, घाण दिसायचं ते. अर्थात दिसणारच, त्या खपल्या म्हणजेच विरजण. चाळीस वर्षं मी त्याला ओलं फडकंसुद्धा लागू दिलं नव्हतं. पण त्या दिवशी हात चालत होते, डोकं नव्हतं. वर आलं तेव्हा कळलं. काढलं, पुसलं आणि खुंटीला लावलं. पांढरंफटक.

कुणाला सांगितलं नाही. वाटलं, भेगांत थोडं उरलं असेल. बायका असं काहीतरी वाटून घेतात.

मग तू आलास, बापाच्या मयताची बिअर घरच्या मुलाने करायची म्हणून. तू सगळं नीट केलंस. मी खिडकीतून बघत होते. कोपर बुडवून ऊब बघितलीस, कडं हळू सोडलंस. तीन दिवस पिंप मुकं राहिलं. तिसऱ्या दिवशी तू कडं बाहेर काढून हुंगलंस आणि मला म्हणालास, "आई, याला सोड्याचा वास येतोय." आणि मी, चुलघर माणसांनी भरलेलं असताना, म्हणाले, "तुझ्या हातांना शहराचा वास येतोय. गरम रसात टाकून मारलंस तू ते." तू गाडी काढलीस, दुकानातून बाटल्यांचे खोके आणलेस आणि टेबलावर ठेवलेस. लोकांनी बाटल्यांकडे बघितलं, मग तुझ्याकडे. मी लोकांकडे बघितलं.

तू त्याच संध्याकाळी गेलास. मी दुसऱ्या वर्षी हंडा विकला. कोणत्या वर्षी ते मला चांगलं आठवतं. शहात्तर साली. तो चुलघरात बसून माझ्याकडे बघायचा.

सिन्नेवाने पहिल्याच आठवड्यात कडं हातात घेतलं होतं आणि म्हणाली होती, "आजी, हे किती पांढरं गं, घासल्यासारखं." मी म्हणाले, जुनं लाकूड पांढरं पडतं. आणि मग पुडीवरून माझ्यामुळे तिचे शंभर लिटर गेले, आणि तिने येर्मुनसमोर ते स्वतःच्या अंगावर घेतलं. ती तुझी मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. खोटं मीही सांगितलं होतं, फरक एवढाच की तिने मला वाचवायला सांगितलं, आणि मी स्वतःला वाचवायला.

तर तू विचारलेल्याचं उत्तर. नाही. तू मारलं नाहीस. मी मारलं, आणि मला ते माहीत होतं.

आता पाठव किंवा नको पाठवू. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस, एवढंच. तिने या एका गोष्टीसाठी चांदी दिली, सायकल दिली, मनगट दिलं, आणि गावासमोर शब्द दिला. मी तिच्या वयाची असताना असं काही पणाला लावायची माझी हिंमत नव्हती. आता आहे की नाही, कळेल.

आई


२२ डिसेंबर

मोन्स,

पाकीट तेरा तारखेला आलं. चिठ्ठी नव्हती. मी उलटं करून झटकलं, दोनदा. मग पापुद्रे बघितले. पिवळसर, कुरकुरीत, संत्र्याच्या सालीसारखा वास. मोन्स, ते तुझ्या बापाने डब्यात घालून दिलेले नव्हते. ते या वर्षीचे होते. म्हणजे तू करतोस. त्या शहरात, मला वाटतं मोटारीच्या शेडमध्ये, तू अकरा वर्षं घरची बिअर करतोयस, त्या विरजणाला दर वर्षी खाऊ घालतोयस आणि वाळवतोयस, आणि इकडे मी सगळ्यांना सांगत होते की तुझ्या हाताला ते येत नाही. सिन्नेवा म्हणाली, "मला वाटायचं बाबा शेडमध्ये गाडी दुरुस्त करतात." तिला आईने तसं सांगितलं होतं म्हणे. सूनबाईला माझा नमस्कार सांग. खोटं बोलणं मला समजतं, पण असं चांगल्या कामासाठी मी फार थोडं पाहिलं.

सोळाला घाणा लावला. विरजण घालायच्या वेळी ओरडायचं असतं, मोठ्याने, म्हणजे बिअर जोरकस होते आणि जे काही आजूबाजूला फिरत असेल ते पळतं. पहिल्या वेळी ती लाजली होती. या वेळी अशी ओरडली की ओलीनाचा कुत्रा खालच्या रस्त्यावर भुंकायला लागला. माझाही आवाज निघाला. इतक्या वर्षांनी कसा येतो ते बघायचं होतं. तीन तासांत फेस. सकाळी झाकण वर उचललेलं.

आणि काल थॉमसचा दिवस. सकाळी अकराला माणसं फाटकाशी आली. सवयीने टोप्यांना हात गेले. सिन्नेवा दारात उभी, पोशाख घालून, गळ्याशी सेफ्टीपिन. म्हणाली, "टोप्या आत येऊन काढा. बाहेर थंडी आहे." नऊ माणसं. मागून ओलीना, ती चाखायला येत नाही, बघायला येते.

लाकडी वाडग्यातून पहिला घोट येर्मुनचा. त्याने घेतला. मग दुसरा घेतला. मग वाडगा पुढच्याला द्यायला विसरला. मी चुलीपाशी उभी, आणि ती पोरगी, जिने कंडक्टरला, सोनाराला, तुला उत्तरं दिली, ती ओठ चावत होती. शेवटी येर्मुन म्हणाला, "दे, भर आणखी. हे चाखणं नव्हे, हे पिणं आहे." तेव्हा सगळे हसले.

आणि ओलीना म्हणाली, "चला! मोन्सने मारलेलं लेकीने जिवंत केलं."

चुलघर तेच, माणसंही बरीचशी तीच. मी म्हणाले, "मोन्सने मारलं नव्हतं. मी मारलं. कडं मी सोड्यात उकळलं आणि आळ त्याच्यावर घातला. हे विरजण मोन्सचं आहे, त्याने जगवलेलं, त्याने पाठवलेलं."

येर्मुनने वाडगा खाली ठेवला. "वहिनी, अकरा वर्षं मी त्या पोराला एक ओळ लिहिली नाही. आन्फिनची बिअर बुडवली म्हणून."

"मग आज लिही. माझ्याकडे कागद आहे."

सिन्नेवा माझ्याकडे बघत होती. तिला हे माहीत नव्हतं. मला वाटलं आता वाडगा आपटेल. ती म्हणाली, "आजी, आणि वीस अंशाचं?"

"ते पण मीच," मी म्हणाले. "पुडी चुलीत घाल असं मीच सांगितलं."

"आणखी काही आहे का आज? म्हणजे मी जास्त बिअर काढते."

तिने काढली. शेवटचा माणूस अंधार पडल्यावर गेला, आणि पिंप निम्मं झालं होतं. नंतर ती माझ्याकडे पाठ करून पाऊण तास भांडी घासत होती. मी मोजलं नाही, चर्चची घंटा झाली म्हणून कळलं. मग म्हणाली, "पुढच्या घाण्याला जव जरा जास्त भाजू या का?" मी म्हणाले, भाजू.

तुला मी ये म्हणत नाही. तो हक्क मी गमावला. लेकीला भेटायला यायला तुला माझी परवानगी लागत नाही.

या पाकिटात आहे ते सिन्नेवाने घाण्याच्या फेसावरून काढून सुती कापडावर वाळवलेलं. ज्याच्याकडून विरजण घेतलं त्याला ताजं परत द्यायचं असतं, तेवढी रीत मला अजून आठवते. जपून उघड, पापुद्रे बारीक आहेत. ऊब किती, कोपर कसं बुडवायचं, ते तुला लिहीत नाही. तुला शिकवायची गरज नाही. तेव्हाही नव्हती.

आई